साद घातली की हरीण येते का?

जर्मनीतल्या डॉर्टमुंड शहरात दर हिवाळ्यात ‘यागड उंड हुंड’ हे शिकारीचे मोठे प्रदर्शन भरते. बंदुका, दुर्बिणी, बूट आणि शिकारी कुत्री यांच्या गर्दीत तिथे एक वेगळीच स्पर्धा होते. स्पर्धक एकेक करून मंचावर येतात, बैलाचे पोकळ शिंग, मोठा समुद्री शंख किंवा काचेची नळी तोंडाला लावतात आणि पोटातून डरकाळी फोडतात. काहींच्या हातात हॉगवीड नावाच्या रानझाडाचा वाळलेला पोकळ दांडा असतो. डरकाळी असते लाल हरणाच्या नराची. मोठा आवाज काढला की झाले, असे इथे चालत नाही. माद्यांच्या शोधात हिंडणारा नर, कळपावर ताबा मिळवून बसलेला नर, समोरासमोर उभे ठाकलेले दोन नर, यांतले नेमके कोण बोलते आहे ते परीक्षकांना कळावे लागते.

आपल्याकडे शिकार म्हटली की हाकारे आठवतात. डबे-ढोल बडवायचे, रान उठवायचे, जनावर भेदरून मचाणाकडे पळाले की बार काढायचा. साद घालून केलेल्या शिकारीत सगळे उलटे. इथे शिकारी जागचा हलत नाही आणि जनावर भीतीने नव्हे, आपल्या मर्जीने चालत येते. उत्तर गोलार्धात जिथे जिथे हरणे आहेत तिथे बहुतेक ठिकाणी माणसाने ही युक्ती शोधली, आणि आज तिच्यावर शिट्ट्या, नळ्या, डब्या विकणारा मोठा बाजार उभा आहे. पण हरीण खरेच येते का? गेल्या चार-पाच दशकांत प्राणिशास्त्रज्ञांनी हा प्रश्न नीट तपासला. त्यातून दिसते ते असे: आवाज किती हुबेहूब आहे, याला दुय्यम महत्त्व, हरीण त्या घडीला कशाच्या शोधात आहे, हे मुख्य.

या संशोधनाची सुरुवात सांगायची तर स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या रम बेटावर जावे लागते. तिथल्या लाल हरणांवर टिम क्लटन-ब्रॉक आणि स्टीव्ह अल्बन यांनी १९७९ साली एक निबंध प्रसिद्ध केला, तो आजही या विषयाचा पाया मानला जातो. सप्टेंबर-ऑक्टोबरात लाल हरणांचे नर माजावर येतात आणि रात्रंदिवस डरकाळ्या फोडू लागतात. दोन नर समोरासमोर आले की आधी डरकाळ्यांची जुगलबंदी होते, मग दोघे शेजारी शेजारी पावले टाकत एकमेकांना जोखतात आणि त्यातूनही निकाल लागला नाही तरच शिंगे भिडतात. बरीचशी भांडणे डरकाळ्यांवरच मिटतात. याचे कारण शरीरात आहे. सतत डरकाळ्या फोडायला छाती आणि पोटाचे स्नायू राबवावे लागतात, आणि माजाच्या दिवसांत नर धड खातही नाही. त्यामुळे थकलेल्या किंवा दुबळ्या नराला तो वेग टिकवता येत नाही. मिनिटाला किती डरकाळ्या, यावरून समोरचा किती दमाचा आहे ते कळते. खोटी बढाई मारायची सोय नाही, म्हणून क्लटन-ब्रॉक आणि अल्बन यांनी डरकाळीला ‘प्रामाणिक जाहिरात’ म्हटले.

पुढची गंमत घशात सापडली. २००१ मध्ये टेकमसे फिच आणि डेव्हिड रेबी यांनी दाखवले की या नराचे स्वरयंत्र माणसासारखेच खाली उतरलेले असते, आणि डरकाळी फोडताना तर तो ते पार उरोस्थीपर्यंत खेचतो. घशाची नळी जितकी लांब, तितका तिच्यातला अनुनाद खालचा आणि ऐकणाऱ्याला जनावर तितके थोराड वाटते. रेबी आणि कॅरन मॅककोम यांनी नंतर ध्वनिमुद्रिते वापरून पाहिले, तेव्हा थोराड शरीर सुचवणाऱ्या आवाजाला नर जास्त जोमाने उत्तर देताना आढळले.

हे वाचले की डॉर्टमुंडचे ते बैलाचे शिंग आणि शंख वेगळेच दिसू लागतात. माणसाचा घसा हरणापुढे आखूड. त्याला पुढे फूट-दीड फुटाची पोकळी जोडली की नळी लांबते आणि अनुनाद खाली उतरतो. हरणाने स्वरयंत्र खाली ओढून साधले, ते शिकाऱ्याने शिंग पुढे जोडून साधले. त्यामागचे ध्वनिशास्त्र लिहिले जाण्याच्या कितीतरी आधीपासून खेड्यातले शिकारी ही शिंगे कापून, घासून, फुंकून पाहत होते.

माद्याही कान देऊन असतात. मॅककोम यांनी १९८७ साली पाळीव कळपांवर केलेल्या प्रयोगात नरांच्या डरकाळ्या ऐकणाऱ्या माद्या लवकर माजावर आल्या. म्हणजे डरकाळी एकाच वेळी प्रतिस्पर्ध्याला दम देते आणि मादीला निरोप. तिची नक्कल करणारा शिकारी या दोन्ही संभाषणांत नाक खुपसत असतो.

लाल हरणाचा अमेरिकी भाऊबंद वापिटी, ज्याला तिकडे एल्क म्हणतात, तो मात्र डरकाळी फोडतच नाही. सव्वातीनशे किलोचे ते धूड बारीक, कानात घुसणारी शीळ घालते. एवढ्या मोठ्या जनावराच्या तोंडून बासरीसारखा सूर कसा निघतो याचे कोडे बराच काळ होते. २०१६ मध्ये रेबी आणि सहकाऱ्यांनी दाखवले की तो एकाच वेळी दोन आवाज काढतो: एक उंच शिळेचा आणि त्याखाली दुसरा स्वरयंत्राचा खर्जातला. तिथले शिकारी टाळूला चिकटवायची एक चकती वापरतात. घोड्याच्या नालेच्या आकाराची छोटी चौकट, तिच्यावर ताणलेला लॅटेक्सचा पातळ पडदा आणि आवाज घुमवायला हातात वळ्यांची लांब नळी. रॉकी माउंटन एल्क फाउंडेशन या संस्थेची जागतिक स्पर्धा आहे आणि तिच्यात कोणतेही साधन न वापरता नुसत्या गळ्याने साद घालणाऱ्यांचा वेगळा गटही आहे.

सगळ्यात साधे साधन युरोपातल्या रो हरणासाठी लागते: एक पान. बीचचे कोवळे पान दोन अंगठ्यांमध्ये ताणून फुंकले की मादीच्या बारीक चिवचिवीसारखा सूर निघतो. जुलैअखेर ते ऑगस्टचा पहिला पंधरवडा हा त्याचा हंगाम. बाकीची हरणे शरदात माजावर येत असताना हे उन्हाळ्यातच कसे? तर रो हरणीच्या पोटातला गर्भ रुजायला चार-पाच महिने थांबतो आणि पाडसे बरोबर पुढच्या वसंतात जन्मतात. जर्मन शिकाऱ्यांची एक आडवळणाची चालही प्रसिद्ध आहे. नर एखाद्या मादीच्या मागे लागलेला असला तर तो दुसऱ्या मादीच्या सुराला दाद देत नाही. मग शिकारी पाडसाचा आवाज काढतो. पाडसाच्या ओढीने मादी येते आणि तिच्या मागे आपसूक नर.

कॅनडा आणि अमेरिकेच्या ईशान्येकडच्या जंगलांत मूस या अजस्र हरणाला बोलावण्याची विद्या मिकमॅक, पेनॉब्स्कॉट, क्री अशा मूळ रहिवासी लोकांकडून आली. बर्च झाडाची साल गुंडाळून भोंगा करायचा आणि मादीचा लांबलचक, कण्हल्यासारखा सूर काढायचा. त्याच भोंग्यात पाणी भरून ते तळ्यात धार धरून ओतायचे, म्हणजे मादी पाण्यात उभी राहून मुतते आहे असे नराला वाटते. खांद्याचे वाळलेले हाड झाडाच्या खोडावर घासले की दुसरा नर शिंगे घासतो आहे असा भास होतो. हेन्री डेव्हिड थोरो १८५३ साली मेन राज्यातल्या चेसनकुक तळ्याकडे गेला, तेव्हा जो एटिअन हा पेनॉब्स्कॉट वाटाड्या त्याच्याबरोबर होता. त्याचा सालीचा भोंगा आणि रात्रीच्या हाका यांचे वर्णन थोरोने मन लावून केले, आणि त्याच लेखात मूसच्या हत्येबद्दल आपल्याला आलेला उबगही लिहून ठेवला.

आता बाजाराकडे वळू. अमेरिकेत सर्वाधिक शिकार होते ती पांढऱ्या शेपटीच्या हरणाची, आणि हाक मारण्याच्या साधनांचा मुख्य धंदाही त्याच्यावरच चालतो. जॉर्जिया विद्यापीठाच्या थॉमस ॲटकिसन, लॅरी मार्चिंटन आणि कार्ल मिलर यांनी १९८८ साली या हरणाच्या आवाजांची वर्गवारी केली आणि १२ निरनिराळे आवाज नोंदवले. त्यांतले दोन-तीनच दुकानात पोचले. मादीच्या मागे जाणाऱ्या नराचा घोगरा हुंकार, त्यासाठी पत्ती बसवलेली नळी. मादीचा बेंऽऽ असा सूर, त्यासाठी उलटी केली की आपोआप वाजणारी डबी. प्रायमॉस कंपनीची ‘द कॅन’ ही तशी लोकप्रिय डबी आहे. आणि आवाजात मोडत नसले तरी याच कुळातले एक तंत्र: गळून पडलेली दोन शिंगे एकमेकांवर आपटून नरांची झुंज ऐकवायची.

या शेवटच्या तंत्राची मोजदाद झाली आहे. मिकी हेलिक्सन आणि सहकाऱ्यांनी टेक्सासमधल्या वेल्डर वन्यजीव आश्रयस्थानात १९९० च्या दशकात शिंगे वाजवून १७१ वेळा पाहिले. १११ नर आले. माजाच्या ऐन भरात ६० वेळा शिंगे वाजवली, तेव्हा ६५ नर येऊन गेले, म्हणजे काही वेळा एकाच खडखडाटाला दोन-दोन. हळू वाजवण्यापेक्षा जोरात वाजवल्यावर जवळपास तिप्पट नर आले. दुकानदारांनी हे आकडे डोक्यावर घेतले यात नवल नाही. पण ते वाचताना जागा विसरता कामा नये. वेल्डरमध्ये वयात आलेल्या नरांची संख्या भरपूर होती, त्यामुळे माद्यांसाठी चुरसही होती. जिथे बहुतेक नर दीड-दोन वर्षांचे होताच टिपले जातात, तिथे एकेका नराच्या वाट्याला माद्या भरपूर असतात. भांडण ऐकून धावत जाण्याचे त्याला कारणच उरत नाही. डबीवर छापलेले यश प्रत्यक्षात रानाच्या लोकसंख्येवर ठरते, आणि ती डबीबरोबर मिळत नाही.

दुसरी अडचण नाकाची. साद ऐकून निघालेला नर सरळ येत नाही. तो वळसा घेऊन वाऱ्याच्या खालच्या अंगाला जातो आणि कानाने ऐकलेले नाकाने पडताळून पाहतो. टेक्सासच्या अभ्यासातही नर बऱ्याचदा त्याच बाजूला दिसले. फसलेल्या शिकारींचा हिशेब मांडला तर सूर चुकल्यापेक्षा वारा चुकल्याचे प्रसंग जास्त निघतील. आवाजाचा पल्ला मोठा, पण त्याच्यावर हरणाचा भरवसा अर्धाच.

माजाच्या हंगामाबाहेरही एक साद चालते, आणि तिच्याबद्दल खुद्द शिकाऱ्यांतही दुमत आहे. ती म्हणजे संकटात सापडलेल्या पाडसाचा आक्रोश. विनिपेग विद्यापीठाच्या सुझन लिंगल आणि त्यांचे सहकारी टोबियास रीडे यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाने हा विषय फारच रंजक केला. कॅनडाच्या माळरानावर त्यांनी म्यूल हरणी आणि पांढऱ्या शेपटीच्या हरणींना ध्वनिक्षेपकावरून वेगवेगळ्या पिलांचे रडणे ऐकवले. त्यांत इलंड कुरंगाची, समुद्री सीलची, मार्मटची, वटवाघळाची, मांजराची पिले होती आणि माणसाचे मूलही होते. आवाजाची पट्टी पाडसाच्या पट्टीजवळ असली, किंवा मुद्दाम तिथे आणून ठेवली, की हरणी ध्वनिक्षेपकाकडे धावत आल्या. वटवाघळाचे रडणे खालच्या पट्टीत आणले तरी आल्या. सादेचा कस हुबेहूबपणात नसतो, हे याहून स्पष्ट कशाने दिसेल? आईला तपशिलात शिरायची सवड नसते, उशीर झाला तर पाडस जाते. या सादेचा वापर शिकारीसाठी करणे काहींना अगदी रास्त वाटते. माजलेल्या नराला त्याच्याच मस्तीत पकडणे आणि पाडसाला वाचवायला आलेल्या आईला टिपणे, या दोन गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत असे प्रस्तुत लेखकाचे मत.

इतिहासात या विद्येला सर्वांत मोठा राजाश्रय मिळाला तो चीनमध्ये. मांचू वंशाच्या कांगशी सम्राटाने १६८१ साली बीजिंगच्या उत्तरेला मुलान हे शिकारीचे राखीव क्षेत्र स्थापन केले. त्याचे नावच हरणांना साद घालण्यावरून पडले. पहाटेच्या अंधारात मोजकी माणसे घेऊन निघायचे, हरणाच्या डोक्याचा मुखवटा चढवलेल्या माणसाने लाकडी भोंग्यातून नराचा आवाज काढायचा, आणि समोर कुणी आले की सम्राटाने बाण सोडायचा. कांगशीचा नातू चियनलुंग १७४१ साली सम्राट म्हणून पहिल्यांदा मुलानला गेला. त्या मोहिमेचे भव्य चित्र दरबारातला इटालियन जेझुइट चित्रकार जुझेप्पे कास्तिल्योने याने रंगवले. कांगशीने १७१९ साली आपल्या आयुष्यभराच्या शिकारीचा हिशेब सांगितला, तेव्हा १३५ वाघ, २० अस्वले, ९६ लांडगे, १३२ रानडुकरे असे नेमके आकडे दिले. साद घालून मारलेली हरणे मात्र नुसती ‘कित्येक शे’. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मुलानमध्ये हरणेच विरळ झाली. चोरटी शिकार आणि लाकूडतोड यांनी रान पोखरले होते.

जपानमध्ये हरणाची शिट्टी साहित्यातही शिरली. चौदाव्या शतकातला भिक्षू केन्को याने आपल्या निबंधांच्या पुस्तकात स्त्रीच्या खडावांपासून केलेल्या शिट्टीला शरदातले हरीण हमखास भुलते, अशी लोकसमजूत नोंदवली आहे. त्याचा रोख अर्थात पुरुषांवर होता.

भारतीय परंपरेत सादेची जागा संगीताने घेतली. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताचे चोवीस गुरू येतात, त्यांत पारध्याच्या गाण्याला भुलून जाळ्यात सापडणारे हरीण आहे. मराठी माणसाला ते भेटते एकनाथांच्या भागवतात, जे १५७३ साली वाराणसीत पुरे झाले. पतंग रूपाने, मासा रसाने, भुंगा गंधाने, हत्ती स्पर्शाने आणि हरीण नादाने मरते, हे आपल्या कीर्तनकारांचे ठरलेले पंचक. यातले हरीण रसिक आहे. रम बेटावरचे हिशेबी.

पण हा निव्वळ दृष्टान्त नव्हता. अबुल फजलने ‘ऐन-इ-अकबरी’त शिकारीच्या पद्धती दिल्या आहेत. ढालीच्या किंवा टोपलीच्या खोलगटात दिवा ठेवून शिकाऱ्याने आडोशाला राहायचे आणि घंटा वाजवायच्या. उजेड आणि नाद यांच्या ओढीने जनावरे जवळ आली की दबा धरलेल्यांनी मारायचे. वाद्ये वाजवून किंवा गाऊन भुलवण्याची पद्धतही तिथे आहे. आणि लगेच नोंद येते की बादशहाला या पद्धती पसंत नाहीत. चित्ते बाळगणारा, हजारो माणसांचे रिंगण करून जनावरे कोंडणारा अकबर गाण्याने केलेल्या दग्याला मात्र नाक मुरडतो, हे मोठे मासलेवाईक आहे.

महाराष्ट्रातल्या फासेपारध्यांनी साद आणि आमिष यांचा वेगळाच मेळ घातला होता. तितर-लाव्यांचे आवाज काढून पाखरे फाशात आणणे ही त्यांची ख्याती. काळविटासाठी ते शिकवलेला पाळीव नरच रानात सोडत. हद्दीत परका आलेला पाहून रानटी नर भिडायचा आणि पाळीव नराच्या शिंगांवरच्या फाशात अडकायचा. काळवीट शास्त्रीय अर्थाने हरीण नव्हे, कुरंग. पण त्याच्या हद्दीच्या अभिमानाला हात घालण्याची युक्ती तीच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हे सगळे थांबले. त्या कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत फास लावणे, हाकून नेणे, आमिष दाखवणे आणि यांतला नुसता प्रयत्नही येतो. आज ताडोब्यात वाटाडे जीप थांबवून सांबराचा ढाँक आणि चितळाची किंकाळी ऐकतात. ‘कॉल झाला’ म्हणजे वाघ जवळ आहे. ते आवाज काढायचे नसतात, नुसते ऐकायचे.

जिथे शिकार कायदेशीर आहे तिथे भांडण यंत्रावरून आहे. युरोपातल्या १९७९ च्या बर्न कराराच्या चौथ्या परिशिष्टात सस्तन प्राण्यांसाठी निषिद्ध साधनांच्या यादीत टेपरेकॉर्डर आहे. अमेरिकेत अनेक राज्ये हरणांसाठी इलेक्ट्रॉनिक आवाज वापरू देत नाहीत, पण फुंकून वाजवायच्या नळीला हरकत घेत नाहीत. हरणाच्या बाजूने पाहिले तर हा फरक विचित्र वाटतो, मरण दोन्हीकडे तेच. कायदा करणाऱ्यांचा विचार वेगळा असावा: फुंकणाऱ्या माणसाचा दम संपतो, सूर चुकतो, त्याला हंगाम आणि रान शिकावे लागते, आणि त्या चुकांतून काही हरणे सुटतात. ध्वनिक्षेपक दमत नाही.

न्यूझीलंडमध्ये ही गोष्ट माणसाच्या जिवावर बेतते. १८५१ पासून तिथे ब्रिटिशांनी लाल हरणे आणून सोडली. दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे असल्याने त्यांचा माज मार्चअखेर आणि एप्रिलात येतो. त्या दिवसांत झाडीत शेकडो माणसे शिंगातून नाहीतर प्लॅस्टिकच्या नळीतून डरकाळ्या फोडत असतात. एका शिकाऱ्याची डरकाळी दुसऱ्याला हरणाची वाटते, तो उत्तर देतो, पहिला पुढे सरकतो, दाट नेच्यांमध्ये काहीतरी हलते आणि गोळी सुटते. माजाच्या हंगामात शिकाऱ्याने शिकाऱ्याला मारल्याच्या घटना तिथे घडल्या आहेत. म्हणून तिथल्या बंदूक वापरण्याच्या नियमांत लक्ष्य निःसंशय ओळखल्याशिवाय गोळी झाडायची नाही असे बजावलेले असते. आवाज, हालचाल, रंग किंवा नुसता आकार यांपैकी एकट्या कशावर विसंबायचे नाही. डरकाळी कितीही अस्सल वाटली तरी आधी संपूर्ण जनावर दिसले पाहिजे, आणि दिसले तरी ते माणूस नाही याची खात्री करायला थांबायचे.